जॅकची टोपी वाऱ्याला पाठ दाखवते

जॅक म्हणजे मी करतेय त्या पवनचक्कीचं मॉडेल. शनिवारी रात्री साडेअकराला त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. जॅकची टोपी, म्हणजे पाती बसवलेला वरचा भाग, कुरकुरत अर्धा फेरा फिरली आणि पाती वाऱ्याच्या बरोब्बर उलट बाजूला नेऊन थांबली. हाताने परत समोर आणून ठेवली, परत तेच. चूकसुद्धा इतकी इमानेइतबारे की राग यावा का हसू, कळेना.

जिलवरचे माझे आधीचे भाग वाचलेल्यांना जॅक आणि जिल ही पवनचक्क्यांची जोडी ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या क्लेटन गावावरची टेकडी. पांढरी, लाकडी जिल १८२१ ची, मूळची ब्रायटनची. १८५२ मध्ये घोडे आणि बैल जुंपून तिला टेकडीवर ओढत आणली (बैलांपायी माझा अख्खा महिना गेला, तो विषय नको). तिच्या शेजारचा जॅक १८६६ चा, विटांचा, डांबर फासलेला पाच मजली निमुळता बुरूज. जिलची खोलीच्या खोली खांबावर फिरते. जॅकचा बुरूज जागचा हलत नाही, वरची टोपी तेवढी फिरते आणि ती फिरवतो मागचा फॅनटेल, म्हणजे वाऱ्यावर फिरणारा छोटा पंखा.

१७४५ मध्ये एडमंड लीने पेटंट घेतलेली ही युक्ती मला अजूनही जादूच वाटते. वारा समोरून असला की फॅनटेल स्वस्थ. वारा जरा कलला की तो फिरायला लागतो आणि दातेरी चाकांमधून टोपीला हळूहळू वाऱ्यासमोर आणतो. माझ्या १:४८ मॉडेलमध्ये ४० ला १ चा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) आणि पुढे १२ दात्यांचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, टोपीच्या १२० दात्यांच्या रिंगवर. म्हणजे फॅनटेलचे ४०० फेरे झाले की टोपीचा एक. खऱ्या गिरणीत माझ्यासारखं झालं असतं तर खेळ खलास. पाती समोरचा मारा सोसायला बांधलेली असतात. वारा मागून शिरला तर पाती मोडतात, टोपीसुद्धा उचकटू शकते.

पहिला संशय टेबलफॅनवर, त्याचा वारा पिळदार असतो म्हणून. मग कूलर लावून पाहिला. मग मॉडेल गॅलरीत नेऊन संध्याकाळच्या वाऱ्यात धरलं. निकाल तोच. मग रिंग उचकटून पुन्हा बसवली. आठ दिवस गेले आणि हाती आली आधीपेक्षा वाकडी रिंग.

शेवटी सासरे आले. नाना पिंपरीच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वर्म बोटाने फिरवला आणि म्हणाले, "अगं, हे डावे आटे आहेत. तुझ्या नकाशात उजवे दिसतायत."

ऑनलाइन मागवलेला वर्म! मॉड्यूल, म्हणजे दात्यांचं माप, लिहिलंय, भोक किती मिलिमीटरचं तेही लिहिलंय, आटे डावे की उजवे हे लिहायला काय पैसे पडतात? भोसरीत पितळेचा करून मिळेल, पण एक नग करायला कुणी तयार नाही.

मी नव्या वर्मचे भाव बघत होते, तेवढ्यात नाना म्हणाले, "वर्म राहू दे की. फॅनटेलची पाती उलटी कलती कर."

पाच मिनिटं मी नुसती बसून राहिले. कल उलटा केला की त्याच वाऱ्यात फॅनटेल उलटा फिरणार आणि दोन उलट्यांचं सुलट होणार! सहा पाती सुपरग्लूने चिकटवलेली, सोडवताना दोन मोडली. ०.८ मिमी बर्च प्लायमधून नवी कापली. (बाल्साच्या हलक्या लाकडाचं नाव काढू नका. या कामाला बाल्सा म्हणजे पापड.) रविवारी दुपारी टेबलफॅन लावला. टोपी थबकली, कुरकुरली आणि सावकाश वाऱ्याकडे वळली. सोळा वेळा केलं. नानांनी व्हिडिओ काढला, त्यात त्यांचा अंगठा जास्त दिसतो.

आता खरा घोळ. मॉडेल कुठल्या सालचं? दोन्ही गिरण्यांचं दळण १९०६ च्या सुमारास थांबलं. १९५३ मध्ये गोल्फचे समालोचक हेन्री लाँगहर्स्ट यांनी दोन्ही विकत घेतल्या. जिल १९८६ पासून पुन्हा पीठ दळते, जॅक मात्र खासगी घर आहे. मला मनापासून करायचाय तो घर झालेला जॅक, खिडक्यांत पिवळे दिवे असलेला. पण घराला टोपी फिरवून काय करायचंय? म्हणजे तीन आठवड्यांचा फॅनटेल शोभेचा!

हे लिहितानाच सुचलं: टोपी चिकटवायचीच नाही. उचलता येईल अशी ठेवायची, खाली मजले सुटे. एका संचात गिरणी, म्हणजे वर धान्याच्या कोठ्या, खाली जाती, त्याखाली पीठ. दुसऱ्या संचात घर. घराचं आतलं सगळं माझ्या मनाचं, कारण कुणाच्या राहत्या घरात डोकावायचं नाही. १७६५ च्या डंक्टन मिलचं उरलेलं गोल तळघरही शेजारी हवं. जॅक बांधताना ती गिरणी पाडली, तेवढं मागे राहिलं.

अडचण एकच, सोफा. गोल भिंतीला सरळ सोफा लावला की मागे चंद्रकोरीएवढी फट राहते. तिथे पुस्तकांचं कपाट कापून बसवावं म्हणते. नाना म्हणतात तिथे पलंग टाक, पाय त्या फटीत जातील.