गधेगाळ: ‘धारा’ नव्हे, ‘साधारण’!

शनिवारी रात्री तळ्याकाठच्या गधेगाळीची, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या, गाढवाचं शिल्प कोरलेल्या दगडाची, चौथी ओळ लागली! तीन महिने ज्या अक्षरांना मी ‘धारा’ म्हणत होते, ती ‘धारा’ नाहीतच.

दानलेखांत ‘धारापूर्वक’ (हातावर पाणी सोडून दिलेलं) हा शब्द नेहमी येतो. त्यामुळे ‘धार’ एवढं दिसताच मी पुढे दानाचा तपशील शोधत बसले आणि ओळ काही केल्या जुळेना. या वेळी अंधार पडायची वाट पाहिली. शेजारच्या घरातल्या आजींनी न सांगताच कळशीभर पाणी आणून दगडावर ओतलं. वरचा पृष्ठभाग वाळत आला तरी खाचांमधली ओल टिकून होती. त्याच वेळी छोटी टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून डावीकडून आडवा उजेड टाकला. ‘धार’च्या आधी ‘सा’ उमटला, नंतर ‘ण’, आणि त्याला लागून ‘संव’. साधारण संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या एका वर्षाचं नाव! आजींना वाचून दाखवलं तेव्हा माझा आवाज कापत होता.

पीठ चोळून फोटो काढणं मी आता कायमचं सोडलं. पीठ अक्षरात भरतं तसंच दगडाच्या टवक्यातही भरतं. माझं ‘धारा’ त्या पिठातूनच आलं होतं. खडूने अक्षरं गिरवणं तर त्याहून वाईट. आपल्याला जे वाटतं तेच आपण दगडावर लिहितो आणि पुढच्या माणसाचीही दिशाभूल करतो.

आता शक. दगडावर त्याचे आकडे असे आहेत: ११, मग झिजलेला आकडा, मग २. तो १ तरी आहे नाहीतर ७ तरी. संवत्सर मिळालं की प्रश्न मिटेल, अशी माझी खात्री होती. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखावर हा हिशेब चोख बसतो: शके ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६, आणि ४६ वा परिधावी. लेखातही ‘प्रधावी’, म्हणजे परिधावीच, कोरलाय.

माझ्या दगडाला तो लावला. १११२ अधिक १२ म्हणजे ११२४, बाकी ४४: साधारण. मग ११७२ अधिक १२ म्हणजे ११८४, बाकी ४४. पुन्हा साधारण! चक्र साठ वर्षांचं आणि १ नि ७ मधला फरक दशकस्थानी बरोबर साठाचा. दहा आकड्यांपैकी नेमक्या ज्या दोघांत माझा घोळ होता, ते दोघेच शिल्लक राहिले. त्या रात्री झोप लागली नाही.

आणि फरक लहान नाही. १११२ म्हणजे इ.स. ११९०, परळच्या गधेगाळीनंतर तीन-चार वर्षं, शिलाहार राजा अपरादित्याचा काळ. ११७२ म्हणजे १२५०, मग हा दगड नंतरचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्या रानवड आणि चांजे लेखांच्या जवळ येतो. पडिमात्रा, म्हणजे अक्षराच्या आधी उभी मात्रा काढायची जुनी पद्धत, दोन्ही काळांत दिसते, तिचा इथे आधार नाही. राजाचं नाव असलेली ओळ पूर्ण झिजली आहे.

तिथी आणि वार मिळाले तर गणिताने निकाल लागू शकेल, कारण साठ वर्षांच्या अंतराने त्याच तिथीला बहुधा वार वेगळा येतो. पण वाराची ओळ चौथऱ्याच्या सिमेंटखाली गेली आहे, गाढवाचं शिल्पही अर्धं त्यातच. सिमेंटला हात लावायचा नाही, हे माझं पक्कं आहे. ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करायचा, असं इथवर लिहिताना ठरत आलं होतं.

पण आत्ता फोटो पुन्हा उघडले आणि लक्षात आलं की त्याच शकातला दुसरा आकडा, म्हणजे निःसंशय १, पूर्ण शाबूत आहे! त्याच हाताने, त्याच छिन्नीने कोरलेला. त्याची गाठ कुठे वळते आणि शेपूट किती खाली जाते, ते शेजारच्या झिजलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं. आजवर मी छापील नमुनेच चाळत बसले होते.

अडचण एवढीच की माझ्या फोटोंत एका आकड्यावर उजेड डावीकडून आहे आणि दुसऱ्यावर उजवीकडून, त्यामुळे सावल्या जुळत नाहीत. अर्ज थांबवलाय. रविवारी टॉर्च आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन पुन्हा जाते. दोन्ही आकडे एकाच चौकटीत, उजेड आधी डावीकडून, मग वरून.