तिघांतच भागवणारा बँड

‘द पोलीस’ हा ब्रिटिश रॉक बँड २००७ साली पुन्हा एकत्र आला तो नवा अल्बम न काढताच. २८ मे रोजी व्हँकुव्हरला सुरू झालेला दौरा ७ ऑगस्ट २००८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये संपला. स्टेजवर माणसं मात्र तीनच: गाणं आणि बास गिटार सांभाळणारा स्टिंग, गिटारवर अँडी समर्स आणि ड्रम्सवर स्टुअर्ट कोपलँड. १९८३ च्या ‘सिंक्रोनिसिटी’ दौऱ्यात मागे तीन गायिका तरी होत्या, या वेळी त्याही नाहीत. जुन्या आठवणींची ओढ होतीच, पण नुसत्या आठवणींवर सव्वा वर्ष स्टेडियम भरत नाहीत. या गाण्यांत मुळातच इतकी जागा मोकळी सोडली आहे की चौथा माणूस आला तर अडचणच व्हावी.

कॉलेजच्या बँडना ही गाणी सोपी वाटतात आणि तिथेच फसगत होते. ‘मेसेज इन अ बॉटल’ची सुरुवातीची गिटार घ्या. पाचव्या तारेवर चौथा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी), चौथीवर सहावा, तिसरीवर आठवा: सी शार्प, जी शार्प, डी शार्प. पुढचे तीन आकार सहाव्या तारेपासून सुरू होतात, सहावी-पाचवी-चौथी या क्रमाने फ्रेट असे: ५-७-९, ७-९-११ आणि २-४-६. मेजर की मायनर हे ठरवणारा गंधार यात कुठेच नाही, म्हणून ती चाल अधांतरी, अस्वस्थ वाटते. आता दुसरा गिटारवाला शेजारी उभा राहून पूर्ण बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायची स्वरसंगती) झोडायला लागला की गंधार आत येतो आणि गाण्यातली हवाच जाते. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची खरखर, फार चढवलं तरी वरचा स्वर गढूळ होतो. बोटं पोचत नसतील तर आधी अंगठा बघा. तो गिटारच्या मानेवरून वर डोकावत असेल तर ताण बसणारच. मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर ठेवा.

‘एव्हरी ब्रेथ यू टेक’मध्ये तोच ५-७-९ चा आकार आहे, पण तिसऱ्या तारेवर सहावा फ्रेट जोडून. इथे गंधार येतो, तोही शेवटी आणि एकटा. उजव्या तळव्याची कड ब्रिजला, म्हणजे तारा खाली जिथे बसवलेल्या असतात त्या पट्टीला, लागून ठेवायची. अर्धा इंच पुढे सरकली की स्वर मरतो आणि नुसतं टकटक ऐकू येतं.

खरी गंमत कोपलँडची. रेगे या जमैकन संगीतातला वन-ड्रॉप ठेका म्हणजे चारांतली पहिली मात्रा रिकामी, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमची कड एकदम तिसरीवर. त्यावर हा माणूस हाय-हॅटचे (झांजांच्या जोडीचे) आघात नको तिथे टाकतो. थोडक्यात, सम लपवतो. ऐकणाऱ्याला हे भारी वाटतं, वाजवणाऱ्याला घाम फुटतो. व्हँकुव्हरच्याच एका रात्री ‘मेसेज इन अ बॉटल’ सुरू होताना तिघं एकमेकांपासून अर्ध्या बारने, म्हणजे दोन मात्रांनी, निसटले. कोपलँडने आपल्या वेबसाइटवर ते स्वतःच लिहून टाकलं, तेही कुणाची भीड न ठेवता. स्वतःचं इतकं परखड परीक्षण करणारे ड्रमर विरळाच! पण चूक समजण्यासारखी आहे: सम कुणीच ठोकत नसेल तर चुकलेल्याला परत यायला खूण कुठली?

उपाय कंटाळवाणा, पण चालतो. मेट्रोनोम (ठराविक गतीने ठोके देणारं यंत्र) निम्म्या गतीवर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. सम मनात मोजता आली की मगच वन-ड्रॉप.

हेच तिघं मार्च १९८० मध्ये मुंबईतही वाजवून गेले होते. स्टिंग जानेवारी २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर आला, पण आपल्या बँडसह. तो हिशेब वेगळा.

राहिला समर्सचा प्रतिध्वनी. तो एकोप्लेक्स हे टेपवरचं यंत्र वापरायचा, तुम्हाला साधा डिले पेडल (स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं पायाचं यंत्र) पुरेल. ६०,००० ला गतीने, म्हणजे मिनिटातल्या मात्रांनी, भागा: १२० च्या गतीला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्याच्या पाऊणपट, म्हणजे ३७५ वर डिले लावा, पुनरावृत्ती दोन किंवा तीन. जास्त ठेवलीत तर सोडलेल्या जागा पुन्हा भरून जातात. ड्रमर गती वाढवणारा असेल तर टॅप टेम्पोचं, म्हणजे पायाने ठोके देऊन गती बदलायचं, बटण असलेलाच पेडल घ्या, नाहीतर तिसऱ्या कडव्यापर्यंत प्रतिध्वनी आणि गाणं दोन वेगळ्या गावांना गेलेले असतात.