आत्या आणि कडक भाकरी

सोलापुरातल्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही स्वयंपाकघरात कडक भाकऱ्यांचा एक पत्र्याचा डबा असतो. ज्वारीची भाकरी पातळ थापून, तिच्यातला ओलावा पूर्ण जाईपर्यंत मंद आचेवर भाजली, की ती पापडासारखी खुटखुटीत होते, कित्येक दिवस टिकते आणि मोडताना असा आवाज करते की पलीकडच्या खोलीत आडव्या झालेल्या माणसालाही कोणीतरी जेवायला बसल्याचे कळते. यंदा गड्ड्याच्या यात्रेसाठी आत्या आली आणि या डब्यावरून घरात वाद झाला.

आत्या बहात्तर वर्षांची आहे. सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याहून परतल्यावर तिने डब्याचे झाकण उघडले आणि पहिलेच वाक्य उच्चारले, "जाड झाल्यात." धाकटे काका लगेच म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." त्यावर वडील म्हणाले, "छे, ती फार निवळली आहे. वीस वर्षांपूर्वी तिने डबाच परत पाठवला असता." दोघे भाऊ मग आत्याच्या स्वभावावर तिच्यासमोरच वाद घालू लागले आणि आत्या शेंगा चटणीत लसूण कमी पडला आहे का, हे चाखून पाहू लागली.

माझी अडचण अशी, की मला दोघांचेही म्हणणे खरे वाटत होते. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवले आहे, की बहुतेकांचा स्वभाव तिशीपर्यंत प्लास्टरसारखा घट्ट होतो आणि पुन्हा मऊ पडत नाही. जेम्स सोलापूरला आले असते तर त्यांना प्लास्टरची गरज पडली नसती. मात्र कडक भाकरी आमटीत कुस्करली की काय होते, हेही त्यांना पाहावे लागले असते. आमचे काका जेम्स यांच्या पक्षाचे आहेत, एवढे खरे.

अलीकडच्या अभ्यासकांनी हा तंटा बऱ्याच अंशी सोडवला आहे, आणि तो सोडवताना आधी प्रश्नाचेच दोन तुकडे केले आहेत. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभे राहण्याची पद्धत आठवून पाहावी. चौथीतून दहावीत जाईपर्यंत रांगेतली सगळीच मुले वाढतात, तरीही मागे उभा राहणारा बहुधा मागेच राहतो. स्वभावाचेही तसेच आहे: आपण पूर्वीपेक्षा किती बदललो हा एक प्रश्न, आणि बरोबरीच्यांच्या रांगेत आपली जागा बदलली का, हा वेगळा. रॉबर्ट्स आणि डेलवेकिओ यांनी २००० मध्ये १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जागा टिकण्याचे माप (० म्हणजे रांग पूर्ण विस्कटली, १ म्हणजे जराही हलली नाही) बालपणी ०.३१, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ च्या आसपास आढळले. म्हणजे वयाबरोबर रांग पक्की होत जाते, पण १ हा आकडा काही गाठत नाही. दुसरीकडे, २००६ मध्ये ९२ अभ्यासांची अशीच मोट बांधली गेली, तेव्हा असे दिसले की माणसे सर्वसाधारणपणे वयाबरोबर अधिक जबाबदार आणि मनाने अधिक स्थिर होतात, आणि त्यातला मोठा बदल विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतो. याचा अर्थ आमच्या घरात असा, की तिन्ही भावंडे निवळली, आणि तरीही तिघांत तिखट कोण, या प्रश्नाचे उत्तर माझ्या लहानपणी होते तेच आज आहे.

अर्थात मध्ये फार वर्षे गेली की रांगेचाही भरवसा राहत नाही. स्कॉटलंडमध्ये १९५० साली चौदा वर्षांच्या मुलांच्या स्वभावाविषयी त्यांच्या शिक्षकांनी नोंदी केल्या होत्या. त्यांपैकी १७४ जणांना सत्त्याहत्तराव्या वर्षी गाठून पुन्हा मोजमाप केले, तेव्हा दोन्ही नोंदींत फारसा मेळ सापडला नाही. मात्र एकदा पारखणारे शिक्षक होते आणि पुढच्या वेळी ती माणसे स्वतः व त्यांचे निकटवर्ती होते, हा फरक लहान नाही. माझ्या मास्तरांनी प्रगतिपुस्तकात 'अबोल' असा शेरा मारला होता. माझ्या पत्नीला तो दाखवला असता ती बराच वेळ हसत होती.

मला स्वतःविषयी मात्र ठाम वाटते, की आता बावन्नाव्या वर्षी जे व्हायचे ते होऊन गेले. गंमत म्हणजे या ठामपणालाही अभ्यासकांनी सोडलेले नाही. क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांनी २०१३ मध्ये १९,००० हून अधिक लोकांच्या उत्तरांवरून दाखवले, की गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे माणसे मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत तेवढे बदलू असे त्यांना वाटत नाही. आणि हे अठराव्या वर्षी जसे, तसेच अडुसष्टाव्या वर्षीही. बेचाळिसाव्या वर्षीही मी असाच ठाम होतो. तेव्हा मला पहाटे उठणारी माणसे ढोंगी वाटत. हल्ली साडेपाचला कंबर तलावाकडे फिरायला जाणाऱ्यांत मी असतो आणि झोपून राहणाऱ्यांविषयी माझी मते कडक आहेत.

रात्री जेवताना आत्याने ताटात भाकरी मोडली नाही. दाढा राहिल्या नाहीत, असे सांगून तिने ती वाटीत कुस्करायला लावली आणि वर गरम आमटी ओतून घेतली. काका विजयाने, आणि वडीलही तितक्याच विजयाने, माझ्याकडे पाहत होते. आत्याने पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाली, "आता फार मऊ झाली."