पिंपात किती आहे?

पूर्वी संध्याकाळी दाराची बेल वाजली की आतून "चहा टाकू का?" असं यायचं. आता बायको आधी विचारते, "किती आणलीस?" गाडी किती टक्क्यांवर आणली, हा प्रश्न. मी चपला काढता काढता सांगतो, "बेचाळीस." ती कणीक मळता मळता दुसऱ्या दिवसाचा हिशोब मांडते. तिचं ऐरोलीचं ऑफिस, येताना मुलीचा क्लास, जमलं तर तलावपाळीवरून भाजी. "आज नको लावूस, चालेल" किंवा नुसतं "लाव" एवढा निकाल लागतो. चहा त्यानंतर.

आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी येऊन साडेतीन वर्षं झाली. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे लागले तेव्हा मला वाटलं होतं, आपण एका उडीत पुढच्या काळात जाऊन पडलो. प्रत्यक्षात मी पडलो तो थेट कळव्याच्या चाळीत.

चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सव्वापाचला जायचं. आईचा सगळा दिवस त्या पाऊण तासाला टांगलेला असायचा. मोरीत निळं प्लास्टिकचं पिंप, त्याच्या शेजारी दोन हंडे, ओट्यावर पिण्याच्या पाण्याची कळशी. आई दिवसातून दोनदा त्या पिंपाच्या अंगावर बोटांच्या पेरांनी टकटक करत वरून खाली यायची. पोकळ आवाज जिथे भरीव व्हायचा तिथे पाणी. झाकण उघडायची गरजच नव्हती. गॅसचा सिलिंडर ती कडीला धरून जरासा तिरका करायची आणि "आठ दिवस जाईल" म्हणायची. जायचाही. भारनियमनाच्या दिवसांत इमर्जन्सी दिवा कधी चार्जिंगला लावायचा, हे घरात फक्त तिलाच ठाऊक असायचं. वीज आली की आम्ही टीव्हीकडे धावायचो. ती आधी दिव्याची पिन खोचायची.

पिंपाचे तिचे तीन नियम होते. अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. काठोकाठ भरायचं नाही. आणि महिन्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासायचं.

गाडी घेतल्यावर शोरूममधल्या मुलाने मला बसवून सांगितलं, "सर, रोज शंभर टक्के करायची गरज नाही. वीस ते ऐंशीमध्ये ठेवा. महिन्यातून एक-दोनदा मात्र सावकाश पूर्ण भरा, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येतात." आई तेव्हा सोबत होती. ती म्हणाली, "हे काय नवीन सांगतोय हा?"

सोसायटीत चार्जर बसवण्याची कथा लांबलचक आहे, पण ती ठाण्यात ज्याने ज्याने बसवला त्याची एकच असते, म्हणून आटोपती घेतो. दोन मीटिंगा झाल्या. "कॉमन लाइटवर तुमची गाडी पळणार का?" असं एका काकांनी विचारलं. मग तळमजल्यावरच्या मीटर रूममधून, माझ्याच मीटरवरून पोडियमच्या पार्किंगपर्यंत केबल ओढली आणि पंधरा अँपिअरचा सॉकेट बसला. त्याला मी स्वतः कुलूप लावतो. साध्या सॉकेटवर तासाला अडीच-तीन युनिटं जातात. माझी बॅटरी तीस युनिटांची. जेवण करून लावली की पहाटेपर्यंत गाडी तयार. युनिट म्हणजे तेच, जे दर महिन्याला लाइटच्या बिलावर छापून येतं. पेट्रोलच्या काळात मी लिटर मोजायचो आणि बायको बिलावरची युनिटं मोजायची. आता आम्ही दोघं एकच वस्तू मोजतो, त्यामुळे भांडणाला एक विषय वाढला आहे.

तो विषय असा. ती चालवते तेव्हा गाडी युनिटला आठ किलोमीटर देते, मी चालवतो तेव्हा साडेसहा. "तुझ्या पायात अजून पेट्रोल आहे," असं तिचं म्हणणं. त्यातून स्क्रीनवरचा किलोमीटरचा आकडा मोठा लबाड. तो मागच्या काही किलोमीटरांत तुम्ही कशी चालवलीत त्यावरून पुढचा अंदाज बांधतो. तिने आणून ठेवलेली गाडी मला सकाळी "१४० किलोमीटर" म्हणते आणि मी माजिवडा पुलावर चढलो की नाराज होऊन भराभर खाली येते. टक्क्याचा आकडा त्या मानाने सरळ. मी तोच बघतो. जाहिरातीतल्या आकड्याचं तर नावच नको. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने गाडी फिरवून काढलेला असतो. त्या रोलरवर ना गायमुखचा चढ, ना मे महिन्याचा एसी, ना मागे बसलेले सासू-सासरे.

"किती देते?" हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पेट्रोल पंपावर विचारायचे, लग्नात विचारायचे, आता लिफ्टमध्ये विचारतात. शहरात दोनशेच्या आसपास, असं सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि दुसरा प्रश्न काढतो, "आणि बॅटरी बदलायला किती?" आपण अजून नव्या गाडीचे पेढे वाटत असतो आणि हा तेराव्याची तयारी विचारतो. तिसरा प्रश्न पावसाचा. २६ जुलै २००५ ज्याने बघितलाय त्याला तो पडणारच. बॅटरीचा डबा आयपी ६७ दर्जाचा आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेला. हे मी पाठ केलं आहे. तरी पाणी साचलेल्या रस्त्यावर मी रिक्षावाल्याच्या मागे थांबतो. तो गेला तर मी जाणार.

घोडबंदर रोडवर मात्र या गाडीने मला जिंकलं. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गायमुखपासून कापूरबावडीपर्यंतच्या दहाएक किलोमीटरला पावणेदोन तास लागले. शेजारच्या गाडीतला माणूस दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करायचा आणि घामाघूम झाला की पुन्हा चालू करायचा. आमचा एसी सुरू, मुलगी मागे झोपलेली, आणि खाली काहीच धडधडत नाही. उभ्या गाडीला मोटर काही मागत नाही, जे जातं ते एसीला आणि दिव्यांना. एरवी त्या अंतराला पाच टक्के लागतात, त्या दिवशी आठ लागले. कोंडीत तासचे तास काढायची सक्तीच असेल, तर ती या गाडीत काढावी. तिचा खरा शत्रू मोकळा रस्ता. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि शंभरच्या वेगाने टक्के असे ओघळतात, जसं पिंपाला भोक पडलंय. पेट्रोलची गाडी गावात खाते आणि हायवेला देते. हिचं बरोबर उलटं.

लोणावळ्याला आम्ही केलेली चूक सांगितली पाहिजे, कारण ती आईने आधीच वर्तवली होती.

खोपोलीवरून घाट चढताना टक्के ढासळतात, हे ऐकून होतो. कागदावर गणित केलं तर शाळेतलंच आहे. माणसांसकट सतराशे किलोचं वजन सुमारे पाचशे मीटर वर उचलायला सव्वादोन युनिटं नुसती उचलण्यातच जातात, रस्ता कापायचं वेगळं. वर पोचलो तेव्हा छातीत धडधड. म्हणून परतीच्या आधी हॉटेलच्या आवारातल्या फास्ट चार्जरवर गाडी लावली. ऐंशीपर्यंत ती पटापट भरली. पुढे चार्जर मुंगीच्या पावलाने चालायला लागला. ते बरोबरच आहे. कळशी गळ्यापर्यंत आली की आपणही नळ बारीक करतो. एक गृहस्थ मागे ताटकळत उभे होते. दर पाच मिनिटांनी येऊन माझ्या स्क्रीनकडे बघायचे आणि "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचे. त्यात "आटपा" स्पष्ट ऐकू येत होतं. मी तरी हट्टाने शंभर केले. बाहेरचं युनिट घरच्यापेक्षा जवळजवळ दुपटीने महाग, तरी केले. आई मागून म्हणाली, "कशाला काठोकाठ? सांडेल."

आणि सांडलंच. या गाडीत पाय उचलला की मोटरचं काम उलटं होऊन ती जनित्र बनते. गाडीचा वेग कमी होतो आणि तीच वीज बॅटरीत परत जाते. घाट उतरताना दोन-तीन टक्के फुकट मिळतात, ते बघायला मुलगी पुढच्या दोन सीटच्या मधून मान काढून बसते. पण बॅटरी भरलेली असेल तर ती वीज ठेवणार कुठे? गाडी ती घेतच नाही. मी खंडाळ्याला पाय उचलला आणि गाडी रोखलीच गेली नाही, सरळ घरंगळायला लागली. खाली येईपर्यंत साधे ब्रेक दाबत आलो. फुकटचे टक्के ब्रेकच्या चकत्यांवर तापून गेले. बायको काही बोलली नाही. आईही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

दुसरी फजिती गणपतीतली. दहा दिवस गाडी उभी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रिमोट दाबतोय तर दारच उघडेना. फोनवरच्या ॲपमध्ये शेवटची नोंद चौसष्ट टक्के. चौसष्ट टक्के असताना गाडी मेलेली! तपासायला आलेल्या मेकॅनिकने सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या गाडीतही एक साधी बारा व्होल्टची बॅटरी असते. दारं, दिवे, स्क्रीन तिच्यावर. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच, तेसुद्धा तिच्याच जोरावर चालतात. ती बसली की मोठी बॅटरी असून नसल्यासारखी. कोठी धान्याने भरलेली आणि किल्ली हरवलेली. मग चौथ्या मजल्यावरच्या भावोजींची पंधरा वर्षं जुनी पेट्रोलची गाडी शेजारी आणून उभी केली, वायर जोडल्या, आणि तिने घुर्रर्र करत आमच्या गाडीला जागं केलं. भावोजींनी त्यानंतर महिनाभर लिफ्टमध्ये मला "काय, सुरू आहे ना?" असं विचारलं. मी ते सोसलं.

या सगळ्यात मला आवडतं ते माणगावचं प्रकरण. मामाचं घर माणगावच्या अलीकडे, आमच्या दारापासून एकशे तीस किलोमीटर. जाताना पंच्याण्णव टक्क्यांवर निघालं की पोचेपर्यंत अठ्ठावीस-तीस उरतात. म्हणजे परत यायचं तर तिथे भरायलाच हवी. पहिल्या वेळी मी मोठ्या ऐटीत डिकीतून चार्जर काढला, पडवीतल्या मिक्सरच्या सॉकेटमध्ये लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल. मामा चष्मा कपाळावर चढवून बघत होते. गावातला वायरमन आला, त्याने टेस्टर घातला आणि निदान केलं, "अर्थिंगच नाय. हे तिसरं भोक नुसतं शोभेला आहे." फ्रिज, मिक्सर, टीव्ही, सगळे त्या शोभेच्या भोकावर वीस वर्षं चालले होते. तक्रार पहिल्यांदा गाडीने केली. जमिनीशी नीट जोडलेली वायर असल्याशिवाय तिचा चार्जर वीज घेतच नाही.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीच्या मागे कमरेएवढा खड्डा. त्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि खडेमिठाचा थर, वर पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मामी वरून बघत म्हणाली, "लोणचं घालताय का?" हिरवी वायर आणून सॉकेटला जोडली. चार्जर लावला. लाल.

मे महिना होता. जमीन तडकलेली. वायरमन म्हणाला, "पाणी ओता. माती ओली असल्याशिवाय काही होत नाय." मामांनी विहिरीवरून दोन बादल्या आणल्या आणि हळूहळू, तुळशीला घालावं तसं, पाइपाच्या भोवती ओतल्या. माती चरचरत पाणी पीत होती. आम्ही सगळे पडवीत चार्जरभोवती उकिडवे बसलो. दिवा हिरवा झाला तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या. आईने मात्र भावाला विचारलं, "विहिरीला पाणी किती आहे रे यंदा?"

त्या खड्ड्याची व्यवस्था आता मामांकडे आहे. आम्ही शनिवारी निघणार असलो की शुक्रवारी रात्री आईच्या फोनवर त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊस, आंबा असं काहीबाही बोलून झालं की ते म्हणतात, "या मग उद्या. खड्ड्यात पाणी घालून ठेवलंय."