भिडे पूल पाण्याखाली, की आमची लिंकही गुल

दादाचं शेत पानशेत रस्त्याला, खडकवासल्याच्या फुगवट्याकाठी. तिथे मोबाइलला जेमतेम एक काडी. माझ्याकडे धायरीत फायबर आहे आणि आमच्या गच्चीवरून दादाचा माळ दुर्बिणीतून दिसतो. हवाई अंतर 11 किलोमीटर, त्यातली बरीच वाट पाण्यावरून. म्हटलं, वायरलेसनेच जोडू. दोन टोकांना 5 गिगाहर्ट्झच्या दोन डिश लागल्या. बसवणाऱ्याने दोन तासांत काम उरकलं.

उन्हाळाभर कसेबसे तीन-चार एमबीपीएस मिळत होते. जुलैत तेही गेले. पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद, कधी 20, कधी 900, कधी काहीच नाही. बसवणारा म्हणाला, "पाऊस आहे साहेब, पाणी सिग्नल पितं." मी मान डोलावली. पण जूनमधल्या धो धो पावसात लिंक होती तशीच होती. मेली ती धरण भरलं, विसर्ग सोडला, पुण्यात मुठेवरचा भिडे पूल बंद झाल्याची बातमी आली तेव्हा. नंतर चार दिवस लख्ख ऊन पडलं तरी लिंक उठली नाही. 5 गिगाहर्ट्झला जोराच्या पावसातही दोन-तीन डेसिबलच जातात. म्हणजे खोट दुसरीकडे होती. दुसरीकडे कसली, सगळीकडेच होती.

पहिल्यांदा दिशा पाहिली. सिग्नल दिसत होता उणे 82 डीबीएम; हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. हिशेबाने उणे 67 च्या आसपास हवा होता. पंधरा डेसिबल गेले कुठे? दादा शेतावर पाना घेऊन शिडीवर, मी इकडे स्क्रीनसमोर, फोन स्पीकरवर.

"वाढला का रे?"

"थोडा उजवीकडे... वाढला, वाढला! अरे, उतरला परत."

"मग तिथेच आवळू?"

"नको, अजून पुढे ने."

लहानपणी गच्चीवरचा अँटेना सिंहगडाच्या टॉवरकडे फिरवताना हेच संवाद व्हायचे. पुढे नेल्यावर सिग्नल आधी आणखी पडला आणि मग एकदम उणे 68 वर गेला. डिशला मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोत असतात. बसवणाऱ्याने पहिला चढ आला तिथेच बोल्ट आवळले होते. मग माझी डिशही तशीच दोन्ही बाजूंना, वर-खाली फिरवली आणि उणे 67 वर थांबलो. पॉवर वाढवायचा मोह झाला होता, पण परवानामुक्त बँडलाही मर्यादा असते.

दुसरी खोट सेटिंगमध्ये. रेडिओत अंतर 1 किलोमीटरच ठेवलेलं. 11 किलोमीटर जाऊन परत यायला लहरीला सुमारे 73 मायक्रोसेकंद लागतात. तिकडून पॅकेट मिळाल्याची पोच निघालेली असायची, पण आमचा रेडिओ तोवर थांबायचाच नाही. पॅकेट हरवलं समजून तेच पुन्हा पाठवायचा. अंतर 12 केलं आणि स्पीड लगेच चढला. चॅनल 80 मेगाहर्ट्झचा 20 वर आणला. रुंद चॅनल म्हणजे जास्त स्पीड, हे घरात ठीक. आमच्या भागात गच्चीगच्चीवर रेडिओ आहेत, रुंदी वाढवली की त्यांचा गोंगाटही आत येतो.

तरी धरण भरलेलं असताना सिग्नल दहा-दहा डेसिबल खालीवर व्हायचा. हे मात्र मला दोन रात्री छळून गेलं. एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. लहरीची लांबी पाच सेंटिमीटर, दोघींच्या वाटेतला फरक अर्ध्या लांबीने बदलला की एकमेकींना जोर देणाऱ्या लहरी एकमेकींना मारू लागतात. आमच्या उंचीवर पाण्याची पातळी दीड-दोन मीटर बदलली तरी तेवढा फरक पडतो.

दादा म्हणाला, "खांब उंच करू." मी म्हटलं, खाली घेऊ. शेताच्या बांधाआड पाणी लपेल, म्हणजे परावर्तित लहर अडेल, पण आमची गच्ची दिसत राहील, एवढंच खाली. मध्यावर सरळ रेषेभोवती निदान सात मीटर मोकळी जागा लागते, तीही मोजून घेतली. खांब दोन मीटर कापला. दादा अर्धा दिवस बोलला नाही.

यंदा भिडे पूल पुन्हा बंद झाला त्या संध्याकाळी मी स्पीड बघितला: 55 एमबीपीएस, पिंग 6. वहिनींना फोन लावून विचारलं, मीटिंग नीट झाली का. त्या म्हणाल्या, "झाली हो, पण गोठ्यातल्या कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळं केलंय, तेवढं तुमच्या दादांना सांगा."