टेप बदलली की प्रोग्रॅम गायब

हरिपूरच्या एका घरातल्या कॅसेट 2019 च्या महापुरात गेल्या. त्याआधीच कुणीतरी त्यांचं डिजिटायझेशन करून ठेवलं होतं, म्हणून आवाज वाचला. घरातल्या काकूंचे वडील संगीत नाटकांत गायचे. त्यांच्या तालमी, घरगुती बैठका, मधूनच सोडून दिलेली पदं, असं सगळं त्यात आहे. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, तिथं असल्या ठेव्याचं मोल वेगळं सांगायला नको. काकूंनी फायली गावातल्या एका संग्रहाला दिल्या त्या एकाच अटीवर: ऐकायला कुणीही यावं, पण नक्कल बाहेर जाता कामा नये.

म्हणून फायली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणाऱ्या होत्या, आणि ऐकायच्या खोलीतला पायथॉन भाषेतला प्रोग्रॅम त्या फक्त मेमरीत उलगडून वाजवायचा. हे जमतं ते व्हीएलसी या प्लेअरच्या लायब्ररीमुळे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणाऱ्या त्याच्या तयार कोडमुळे. 3.0 आवृत्तीपासून तिला फाईलचा पत्ता न देता चार फंक्शनं देता येतात: उघड, वाच, सरक, बंद कर. व्हीएलसी म्हणतं, एवढे बाइट दे. आपलं फंक्शन तेवढे बाइट त्याच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत टाकतं आणि किती टाकले ते सांगतं. शून्य म्हणजे संपलं, उणे एक म्हणजे बिघडलं. ते बाइट कुठून आले याच्याशी व्हीएलसीला घेणंदेणं नाही.

त्या दिवशी दुपारी काकू स्वतः ऐकायला येणार होत्या. सकाळी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, "दादा, टेप बदलली की प्रोग्रॅमच गायब होतोय. ताबडतोब या." प्रोग्रॅम आधीच्या कुणीतरी लिहिलेला, आणि तो माणूस आता गावात नव्हता.

जाऊन बघितलं. पहिली टेप तासन् तास चालायची. ती चालू असताना दुसरी निवडली, की कधी दुसरी सुरू व्हायची, कधी अख्खी खिडकीच नाहीशी. एररचा एक शब्द नाही. तिथल्या एका कार्यकर्त्यानं सुचवलं, "तात्पुरती फाईल डिस्कवर काढा, वाजवा, झाली की डिलीट करा. कशाला एवढा खटाटोप?" मी साफ नाही म्हणालो. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फाईलची फक्त नोंद जाते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथंच असतो आणि रिकव्हरीचं साधं सॉफ्टवेअर तो परत काढून देऊ शकतं. काकूंना दिलेला शब्द तिथंच मोडला असता.

मुकाट्यानं बंद पडणाऱ्या पायथॉन प्रोग्रॅमसाठी माझा पहिला उपाय म्हणजे फॉल्टहँडलर: प्रोग्रॅम कोसळताना कुठल्या ओळीवर होता ते लिहून ठेवणारं साधन. 3.3 पासून तो पायथॉनच्या सोबतच येतो. तो चालू करून टेप बदलत राहिलो. खिडकी गेली आणि लॉग फाईलमध्ये ओळ उमटली: अ‍ॅक्सेस व्हायोलेशन, म्हणजे मेमरीतल्या भलत्याच जागेला हात लागला. खाली मुख्य थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी मुख्य काम) नव्या टेपची फाईल उघडायच्या साध्या ओळीवर उभा. तिथं कोसळण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे कोसळला होता तो दुसरा थ्रेड, व्हीएलसीचा स्वतःचा.

त्या ओळीच्या जरा वरचा कोड वाचला आणि उलगडा झाला. सी भाषेतल्या लायब्ररीला पायथॉनचं फंक्शन द्यायचं तर सीटाइप्स या पायथॉनच्या जोडणीतून गुंडाळून द्यावं लागतं. ते गुंडाळलेलं ऑब्जेक्ट पायथॉननं धरून ठेवलंय तोवरच त्याचा पत्ता खरा. व्हीएलसीनं तो पत्ता जवळ ठेवलाय हे पायथॉनला दिसतच नाही, कुठली वस्तू किती जणांनी धरलीय याच्या त्याच्या मोजणीत ते येत नाही. इथं नवी टेप निवडताच जुन्या चार फंक्शनांच्याच नावांवर नवी चार ठेवली जात होती. जुन्यांना धरणारं कुणी उरलं नाही, पायथॉननं ती तत्क्षणी मोडीत काढली. आणि व्हीएलसी तर अजून जुनीच टेप वाजवत होतं! त्यानं पुढचा तुकडा मागायला जुना पत्ता गाठला, की खेळ खलास.

मग कधीकधीच का? व्हीएलसी आगाऊ वाचून ठेवतं, दर क्षणाला मागत नाही. त्याची मागणी नेमकी त्या मधल्या फटीत आली तरच घात. खात्री करायला मी त्या फटीत तीन सेकंदांचा थांबा घातला. आता दरवेळी कोसळायला लागलं. अशी खात्रीनं येणारी चूक हातात आली की निम्मं काम झालं, असं मी मानतो.

दुरुस्ती छोटी होती. प्रत्येक टेपचं स्वतंत्र ऑब्जेक्ट केलं: तिची चार फंक्शनं, तिची किल्ली, तिची वाचायची जागा, सगळं तिच्यापाशी. बदलताना आधी प्लेअर थांबवायचा. व्हीएलसी 3 मध्ये थांबवायची हाक वाजवणारा थ्रेड आवरेपर्यंत परतत नाही. त्यानंतरच जुनं ऑब्जेक्ट सोडायचं. तीन सेकंदांचा थांबा तसाच ठेवून टेपा उलटसुलट बदलल्या. एकदाही पडलं नाही. मग तो काढला.

आधीच्या माणसानं एक गोष्ट फार छान केली होती. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला 1,76,400 बाइट खातो. 45 मिनिटांची एक बाजू म्हणजे जवळपास 476 एमबी. ते सगळं एकदम उलगडलं असतं तर तिथल्या 4 जीबीच्या मशीनवर उगाच ताण आला असता. त्यानं एईएस हे एन्क्रिप्शन काउंटर पद्धतीनं वापरलं होतं, त्यामुळे 16 बाइटच्या कुठल्याही ठोकळ्यापासून उलगडता येतं. हवा तेवढाच तुकडा मेमरीत. मी पेजफाईल (मेमरी अपुरी पडली की मशीन तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवतं ती फाईल) तेवढी बंद केली, कारण मेमरीतलं त्या वाटेनंही डिस्कवर उतरू शकतं.

काकू चारच्या सुमारास आल्या. एका तालमीत पद मध्येच थांबतं आणि वडील तबलजीला म्हणतात, "उतरलाय रे, जरा चढव." काकूंनी हात वर केला. "तेवढंच परत लावा." पद नको होतं, तेवढं वाक्य. सरकायचं फंक्शन नेमकं त्या जागी गेलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा गेलं.

निघताना त्यांनी विचारलं, "आता हे कुणी नेऊ शकणार नाही ना?" मी खरं ते सांगितलं: या मशीनवर उलगडलेली फाईल सापडणार नाही, पण स्पीकरसमोर कुणी फोन धरला तर माझा प्रोग्रॅम काही करू शकत नाही.

"फोनचं आम्ही बघतो," मॅडम म्हणाल्या, आणि दाराशी फोन ठेवायला एक टेबल मांडायला लावलं.