एचडीएलचा आकडा आणि उंदरांमधील एक ग्राही

रक्ततपासणीच्या अहवालात एचडीएलचा, म्हणजे ‘चांगले’ समजल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचा, आकडा वर दिसला की त्याकडे समाधानाने पाहिले जाते. उंदरांमधील एका ग्राहीविषयीच्या (रिसेप्टरविषयीच्या) अभ्यासामुळे या आकड्यावरचा माझा भरवसा बराच कमी झाला, म्हणून तो अभ्यास येथे जरा सविस्तर मांडत आहे.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्यामुळे ते लिपोप्रोटीनच्या, म्हणजे मेद आणि प्रथिने यांच्या, कणांतून रक्तात फिरते (एलडीएल आणि एचडीएल हे अशाच कणांचे प्रकार), आणि हे कण टिपण्याचे काम पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही करतात. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे एलडीएल ग्राही. त्यावरील संशोधनाच्या आधारे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा ग्राही अख्खा कण पेशीच्या आत ओढून घेतो. १९९३ मध्ये डॅलस येथे या ग्राहीचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले, तेव्हा साध्या आहारावर त्यांचे कोलेस्टेरॉल जवळपास दुप्पट झाले.

एसआर-बी१ या ग्राहीची रीत मात्र निराळी आहे. तो एचडीएलच्या कणातील कोलेस्टेरॉल तेवढे काढून घेतो आणि उरलेला कण पुन्हा रक्तात सोडतो. तो यकृतात, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींत आणि अंडाशयात विपुल असतो. एमआयटीमधील मॉन्टी क्रीगर यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये एचडीएलचा ग्राही म्हणून त्याची ओळख पटवली. पुढच्याच वर्षी त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरांमध्ये रक्तातील कोलेस्टेरॉल दुपटीहून अधिक झाले, एचडीएलचे कण फुगले, पण अधिवृक्क ग्रंथींतील कोलेस्टेरॉलचा साठा मात्र खालावला. म्हणजे रक्तात मुबलक असलेले कोलेस्टेरॉल जिथे हवे तिथे पोचतच नव्हते. उलट यकृतात हाच ग्राही वाजवीपेक्षा जास्त निर्माण केला, तेव्हा रक्तातील एचडीएल जवळजवळ नाहीसे झाले आणि पित्तातील कोलेस्टेरॉल वाढले.

सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष २००२ चा आहे. एसआर-बी१ आणि ॲपोलिपोप्रोटीन ई (लिपोप्रोटीनचे कण रक्तातून उचलले जाण्यास मदत करणारे प्रथिन) या दोहोंचा अभाव असलेल्या उंदरांच्या हृदयधमन्या साध्या आहारावरही तुंबल्या, हृदयाचा स्नायू मृत झाला आणि ते उंदीर आठ आठवड्यांच्या आतच दगावले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे येथे आवर्जून सांगायला हवे. उंदराच्या रक्तात बहुतांश कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असते, कारण ते एचडीएलमधून इतर कणांत हलवणारे सीईटीपी हे प्रथिन त्याच्याकडे नसते. तरीही २०१६ मध्ये माणसांतील याच जनुकाचा एक दुर्मीळ बदल समोर आला, ज्यामुळे ग्राही निकामी होतो. तो बदल असलेल्या व्यक्तींचे एचडीएल वाढलेले होते, आणि हृदयधमनीविकाराचा धोकाही. त्यामुळे एचडीएल किती आहे यासोबत यकृत ते किती उचलते, हेही मोजायला हवे असे मला ठामपणे वाटते. नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही.